बाहेरून कुलूप, आत मी

सगळ्यात आधी तिचं सांगतो. पुण्याच्या एका कॉलेजात वकिली शिकणारी मुलगी, वय एकवीस-बावीस, उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपला कोल्हापुरात आली होती. सरकारी जागेवर राहणाऱ्यांच्या घरांचं धोरण कसं असावं, यावर अहवाल तयार करणाऱ्या एका ऑफिसात ती बसायची. माझ्यासाठी जे काही झालं ते तिनं केलं, दुसऱ्या कुणी नाही. तिचं नाव लिहीत नाही. माझ्यामुळं तिला आधीच पुष्कळ ऐकून घ्यावं लागलंय.

आता काय झालं ते.

माझं गाव हिंगोलीच्या पलीकडं. शाळा आठवीत सुटली. सुटली म्हणजे कुणी काढलं नाही. मोठा भाऊ वीटभट्टीवर गेला, गुरांकडं बघायला घरात कुणी उरलं नाही, म्हणून एक दिवस शाळेत गेलो नाही, दुसऱ्या दिवशी गेलो नाही, आणि मग गुरुजींना तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. वाचता येतं. पेपर वाचतो, कुणी दिलं तर पुस्तकही वाचतो. पण सरकारी कागद समोर आला की अक्षरं ओळखीची असून हलायला लागतात. ‘उपरोक्त’, ‘सबब’, ‘विहित मुदतीत’ असलं काही दिसलं की तळहाताला घाम सुटतो.

कोल्हापुरात येऊन अकरा वर्षं झाली. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ठेकेदाराच्या हाताखाली साच्यांमध्ये वाळू भरतो. गल्लीत मला अजून सगळे पावणंच म्हणतात. घर सरकारी जागेवरचं आहे. दहा बाय बारा, वर पत्रे, दारही पत्र्याचं. आधीच्या माणसाकडून घेतलं तेव्हा कागद म्हणून काही मिळालं नाही. लाइटचा मीटर अजून त्याच्याच नावावर.

फौंड्रीत तीन पाळ्या असतात आणि आठवड्याला पाळी बदलते. रात्रपाळीच्या आठवड्यात मी सकाळी साडेसातला घरी येतो, अंगावरची काळी वाळू धुतो, भाकरी खातो आणि नऊला आडवा होतो. बायको त्याच वेळी खानावळीत चपात्या लाटायला निघते, मुलगी शाळेत. जाताना बायको बाहेरून कुलूप लावते आणि किल्ली सोबत नेते. आतून कडी घातली तर येणारा जाणारा दार वाजवतो. कुलूप दिसलं की माणूस मागं फिरतो.

हे आमच्या एकट्याच्याच घरात नाही. गल्लीतले अर्धे बाप्ये शिरोलीला जातात. त्यामुळं आमच्याकडं दाराला कुलूप म्हणजे आत कुणीतरी झोपलंय, आवाज करू नका. दूधवाला कुलूप बघून हाक मारत नाही, पोरं चेंडू घेऊन पलीकडच्या मोकळ्या जागेत जातात. आणि घर खरंच रिकामं असेल तर नुसती कडी. समोर आक्का बसलेली असतेच, मग कुलूप कशाला? ही आक्का मूळची नेसरीकडची, लग्न होऊन इथं आली, नवरा गेला, आता दारात बसून शेवया करून विकते. गल्लीत कोण कधी आलं, कोण कधी गेलं, ते सगळं तिच्याकडं. बाहेरच्या माणसाला मात्र हा प्रकार बरोब्बर उलटा दिसतो.

मार्चमध्ये घरांची पाहणी झाली. कोण खरंच राहतं ते लिहून न्यायचं होतं. जे यादीत येतील त्यांना पुढं जागेचा कागद किंवा पक्कं घर मिळणार होतं. जे येणार नाहीत त्यांचं काय, ते कुणी सांगत नव्हतं, पण न सांगताच कळत होतं. पाहणीवाले कधी येणार हे कुणाला ठाऊक नव्हतं. ते आले तेव्हा माझी रात्रपाळी होती.

अकराचा सुमार असेल. दारावर पेनानं टकटक झालं. मग हातानं. कोण आहे का घरात, असं एक तरणा आवाज विचारत होता. एकदा, दोनदा, तीनदा. बाहेर कागद उलटल्याचा आवाज आला. मी जागा होतो. पहिल्या टकटकीलाच जागा झालो होतो.

दार मला उघडता येणार नव्हतं, हे खरं. पण तोंड तर उघडता आलं असतं. खिडकी होती. मी काय केलं, तर पाय लांब करून अंगठ्यानं टेबलफॅनचं बटण दाबलं आणि फॅन बंद केला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. श्वास धरून पडून राहिलो. पत्रे तापलेले, पाठीखालची चटई भिजून गेली, पण ते गेल्याची खात्री होईपर्यंत कूस बदलली नाही.

असं का केलं, ते सांगायला हवं. इथं येण्याआधी मी दुसऱ्या एका शहरात नाल्याकाठी राहत होतो. तिथंही असाच एकजण कागद घेऊन आला होता. हजेरी आहे, सही करा म्हणाला. मी केली. ते संमतीपत्र होतं, जागा मी आपल्या खुशीनं सोडतोय असं. आठ दिवसांनी घर पाडायला मशीन आलं. तेव्हा बायको बाळंतीण होती. तेव्हापासून कागद घेऊन दार वाजवणारा माणूस म्हटला की माझं अंग आपोआप गप्प होतं.

मे महिन्यात यादी लागली. माझ्या घराचा नंबर अपात्रमध्ये. शेजारी शेरा: घर बंद, वास्तव्य आढळले नाही. बायको घरी येऊन डोकं धरून बसली. मला म्हणाली, एवढं दार वाजवलं असंल तरी तुम्हाला जाग कशी आली नाही? मी म्हणालो, डोळा लागला होता. एवढं एक वाक्य. ते पुढं किती लांब जाणार आहे, तेव्हा कळलं नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी ती मुलगी आली. तिच्या ऑफिसात पाहणीचे फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचं काम तिच्याकडं होतं. भरता भरता तिच्या ध्यानात आलं की या एकाच गल्लीत ‘घर बंद’ फार आहेत. बंद घरांची कारणं बघून येते, असं सांगून तिनं ऑफिसातल्या साहेबांची परवानगी काढली. साहेबांनी बजावलं होतं, कारण लिहून आणायचं, कुणाच्या केसमध्ये पडायचं नाही.

पुन्हा माझी रात्रपाळी. माझी मुलगी सुट्टीला गावाकडं गेलेली. दाराला कुलूप, आत मी. बाहेर आक्काच्या पायरीवर ती येऊन टेकली, आक्कानं तिला ताक दिलं, आणि दोघींचं बोलणं मला आत ऐकू यायला लागलं. या घरात कुणी राहत नाही का, असं तिनं विचारलं.

आक्का म्हणाली, “न्हाय कसं? कुलूप हाय म्हणजे माणूस आत हाय की.”

मुलीला वाटलं आपली चेष्टा चाललीय. मग आक्का उठून माझ्या खिडकीशी आली आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ओ पावणं, उठा. पुण्याची वकीलबाई आलीया. जित्ता हाईसा तेवढं तरी सांगा तिला.”

मी खिडकीशी गेलो. गजांच्या बाहेर ती पोरगी, कपाळावर घाम, हातात फॉर्मची पाटी, आणि तोंडावर असं आश्चर्य, जसं काही मी भिंतीतून निघालो. मी मॅडम म्हणालो, ती म्हणाली, मॅडम नको. मग ताई म्हणायला लागलो. ती मला काका म्हणाली. आमची पहिली सगळी भेट अशी खिडकीतूनच झाली. किल्ली खानावळीत होती.

तिनं पाळ्यांचं विचारलं, कुलपाचं विचारलं. कडी आणि कुलूप यांतला फरक आक्कानं सांगितला तेव्हा ती हसली, आणि मग भराभर लिहायला लागली. शेवटी विचारलं, पाहणीवाले आले तेव्हा काय झालं? आक्का शेजारी उभी. बायकोला जे सांगितलं तेच तोंडातून आलं. झोपलो होतो ताई, गाढ. तिनं ते तसंच लिहून घेतलं.

कारण लिहून तिला परत जायचं होतं. पण ती रोज ऑफिस सुटल्यावर यायला लागली. आक्काच्या पायरीवर बसून तिनं गल्लीतल्या पाच-सहा घरांचे हरकतीचे अर्ज लिहिले. बाकीच्यांचं सोपं होतं, कुणाकडं रेशनकार्ड होतं, कुणाकडं मतदानाचं. माझं रेशनकार्ड गावाकडचं, मतदान गावाकडचं, मीटर परक्याच्या नावावर. इथं अकरा वर्षं राहिलो त्याची खूण कुठल्याच कागदावर नाही. ती म्हणाली, फौंड्रीकडून त्या आठवड्यात तुम्ही रात्रपाळीला होता असं पत्र आणा, बाकी मी बघते.

मी ठेकेदाराकडं गेलो. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “आज पत्र देतो, उद्या पीएफ मागशील. जा, काम कर.” दुसऱ्या दिवशी ती स्वतः शिरोलीला आली. गेटवर तिला तास-दीड तास उन्हात उभं केलं आणि ठेकेदार बाहेरगावी गेलाय असं सांगितलं. तो आत चहा पीत होता, मला दिसत होता. मी वाळूच्या ढिगाशी उभा होतो आणि गेटपर्यंत जाऊन तिला एवढंही सांगू शकलो नाही. परत जाताना तिनं मला हात हलवून दाखवला, जसं काही काम झालंच.

शेवटी माझ्या मुलीच्या शाळेचा दाखला तिनं मिळवला, त्यावर गल्लीचा पत्ता होता. अर्जात लिहिलं की रात्रपाळीमुळे अर्जदार गाढ झोपेत असल्याने प्रतिसाद देऊ शकला नाही. वाचून दाखवलं. मी मान हलवली. पोच घेतल्यावर शिक्का मारलेली प्रत तिनं मला दिली. ती प्रत मी गादीखाली ठेवली आणि त्या दिवसापासून खरंच झोप लागेना. ती एवढं करते आणि मी तिला खोटं सांगितलंय. रोज ठरवायचो, आज सांगू. संध्याकाळी ती यायची, आक्का असायची, बायको असायची, राहून जायचं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुनावणीला बोलावलं. मी खाडा केला. इस्त्रीचा शर्ट घातला. कचेरीतल्या मोठ्या खोलीत टेबलामागं सुनावणी घेणारे साहेब, बाजूला पाहणी करणारा मुलगा. तोच आवाज. पंचविशीतला असेल, बॅग मांडीवर घट्ट धरून बसलेला. ती माझ्या मागच्या खुर्चीवर.

साहेब वाईट नव्हते. शांतपणे अर्ज वाचला. बाहेरून कुलूप आणि आत माणूस हे कसं, असं विचारलं. मी काहीतरी पुटपुटलो. ती समजावून सांगायला उठली तर साहेब म्हणाले, तुम्ही वकील आहात का? ती म्हणाली, विद्यार्थी आहे सर. मग बसा, म्हणाले. ती बसली. पण आमच्या गल्लीतलं कडी-कुलपाचं प्रकरण तिनं अर्जात इतकं नीट लिहिलं होतं की साहेबांनी ते दोनदा वाचलं, आणि मला दिसलं की त्यांना पटतंय. ते त्या मुलाकडं वळले. म्हणाले, झोपलेला असला तरी पत्र्याचं दार वाजवल्यावर माणूस उठतोच. तुम्ही दार न वाजवताच कुलूप बघून लिहिलंत ना?

मुलगा पांढरा पडला. “वाजवलं होतं सर. तीनदा हाक मारली. आईशप्पथ.”

साहेब म्हणाले, अशा कामामुळं लोकांची घरं जातात, पाहणीचा ठेका घेतलेल्या तुमच्या कंपनीला कळवतो. बॅगेच्या बंदावर मुलाची बोटं नुसती फिरत होती. तोही कंत्राटावरचाच. त्याचं कंत्राट कुठल्या क्षणी सुटेल ते माझ्याइतकं कुणाला कळणार?

मी गप्प बसलो असतो तर माझं काम झालं होतं. मला गप्प बसता येतं, ते मी एकदा करून दाखवलंच होतं. पण या वेळी बसवेना. “साहेब, त्यांनी वाजवलं होतं,” मी म्हणालो. “मी जागा होतो.” आणि मग थांबता आलं नाही म्हणून फॅनचंही सांगून टाकलं.

साहेबांनी अर्ज उचलून धरला आणि विचारलं, हे कुणी लिहिलं? ती उभी राहिली. मी सर, म्हणाली. साहेबांनी विचारलं, यांनी सांगितलं म्हणून लिहिलंत की तुमच्या मनानं?

तिनं माझ्याकडं बघितलं. राग असता तर बरं झालं असतं. नुसतं बघितलं. यांनीच सांगितलं, एवढे दोन शब्द ती बोलली असती तरी सुटली असती, आणि ते खरंही होतं.

“मी नीट विचारलं नाही सर,” ती म्हणाली. “चूक माझी आहे.”

मग साहेब तिला बोलले. कायदा शिकायला आलात की खोटे अर्ज लिहायला, तुमच्या ऑफिसला कळवावं लागेल, वगैरे. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मी तिथं दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडून ‘साहेब, खोटं मीच सांगितलं तिला’ म्हणायचं होतं. त्या दिवशीचं माझं सगळं धाडस आधीच खर्च झालं होतं. माझ्या प्रकरणावर निर्णय राखून ठेवला असं सांगून आम्हाला बाहेर पाठवलं.

बाहेर नळाशी ती पाणी प्यायली. मी माफी मागायला लागलो तर तिनं थांबवलं.

“काका, भीती वाटली म्हणून बोललो नाही, हेसुद्धा लिहिता आलं असतं. ते पण कारणच आहे. मला सांगायचं होतंत.”

एवढंच. मग रिक्षा थांबवून गेली.

घरी बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात तसेच परातीत ठेवून म्हणाली, “मंग इतकी वर्षं मी कुलूप झोपायला लावायले का लपायला?” तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. आक्कानं मात्र शेवया वाळत घालता घालता सगळ्यांना ऐकवलं की आमच्या पावण्याला पयलं बोलायला येत न्हवतं, आता गप बसायला येईना.

ऑफिसनं तिला गल्लीत यायला मनाई केली. तिच्या इंटर्नशिपचा शेवटचा दिवस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. आता मी कुणाची नाही, म्हणाली, त्यामुळं मला कुणी अडवू शकत नाही. संध्याकाळची गाडी होती, सॅक पाठीलाच. घरात चटईवर बसून तिनं दुसरा अर्ज लिहिला. एकेक वाक्य लिहायची आणि थांबून विचारायची, हे खरं आहे? नाल्याकाठचं घर, ती सही, मशीन, मार्चमधली टकटक, फॅन. एका जागी मी म्हणालो, तीनदा नाही, दोनदाच हाक मारली असं लिहिलं तर? तिनं पेन खाली ठेवलं आणि वाट बघत राहिली. मी म्हणालो, तीनदा. मग पेन उचललं. त्या कागदात ‘सबब’ नव्हतं, ‘उपरोक्त’ नव्हतं. सगळा मी स्वतः वाचला आणि मग सही केली. आम्ही दोघांनी जाऊन तो दिला, पोच घेतली, आणि तिथूनच ती स्टँडवर गेली. बायकोनं शेंगदाण्याची चटणी आणि चपात्या बांधून दिल्या होत्या, त्या घेतल्या. दुसरं काही घेतलं नाही.

तिच्या सर्टिफिकेटवर काय शेरा पडला, तिनं सांगितलं नाही. विचारायचं मला धाडस झालं नाही. असल्या कागदावर पुढची कामं मिळतात, असं गल्लीतल्या एका शिकलेल्या पोरानं सांगितलं, तेव्हापासून तो शेरा माझ्या डोक्यातून जात नाही.

हरकतींनंतरची नवी यादी अजून लागलेली नाही. कचेरीत गेलो की विचाराधीन म्हणतात. फेरपाहणी होईल, कधी ते सांगता येत नाही. आम्ही कुलूप लावणं सोडलंय. रात्रपाळीच्या आठवड्यात दार सताड उघडं टाकून आडवा होतो, आणि गॅसवाला, भंगारवाला, कुणाचंही पाऊल वाजलं की उठून उंबऱ्यात येतो. बायको म्हणते, असं जागून जागून भट्टीशी कधीतरी तोल जाईल. ते मलाही कळतं. पण पाहणीवाला कुठल्या दिवशी येईल ते कळत नाही.

तिच्या ऑफिसच्या साहेबांना द्यायला मी एक कागद लिहायला घेतलाय. अर्जातलं खोटं माझं होतं, त्या मुलीनं माझ्यावर विश्वास ठेवून लिहिलं, आणि सुनावणीत माझं नाव न घेता स्वतःवर घेतलं, एवढंच त्यात आहे. तीनदा लिहून झाला. दिला नाही. आक्का म्हणते, यादी लागूस्तवर गप ऱ्हावा, सह्या करून हातानं घर घालवू नका. बायकोचंही तेच म्हणणं. आणि मला दोघींच्या आड लपायला बरं पडतं, हे मला कळतं.

ताई, यादीत नाव आलं तरी आणि नाही आलं तरी, तो कागद मी एक दिवस तुझ्या ऑफिसात स्वतः नेऊन देणार. समोर बसून वाचून दाखवणार, आणि त्यावर शिक्का मारून घेऊन प्रत तुला पाठवणार.